‘माझी हरकत नाही’ एवढ्यावर भागत नाही: मराठी मार्गदर्शिकेला मुक्त परवाना देताना

१० जून २०२४ ला हुक्केरी तालुक्यातल्या एका कन्नड माध्यमाच्या शाळेतल्या सरांचा मेसेज आला. आमच्या गटाने शाळांसाठी केलेली लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरची मराठी मार्गदर्शिका त्यांच्यापर्यंत पोचली होती. तीच कन्नडमध्ये करायची होती, तर परवानगी द्याल का, असं विचारत होते. दहा मिनिटांत ‘हो, अगदी आनंदाने’ असं उत्तर गेलं. ते ‘हो’ म्हणायचा अधिकार आमच्याकडे नव्हता हे दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, आणि तो मिळवायला साडेआठ महिने लागले. सीमाभागात एकाच लॅबमध्ये सकाळी मराठी आणि दुपारी कन्नड वर्ग बसतात. त्यामुळे असा प्रश्न आज ना उद्या इतरांपुढेही येईल, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

मार्गदर्शिका १६८ पानांची आहे. २०१६ ते २०१९ मध्ये बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडीकडच्या अकरा जणांनी मिळून लिहिली: शिक्षक, डीटीपीवाले, एक निवृत्त बँक कर्मचारी. मागच्या पानावर दोन ओळी छापल्या होत्या, ‘विनामूल्य वितरणासाठी’ आणि खाली ‘सर्व हक्क राखीव’. दुसरी ओळ कोणी ठरवून घातली नव्हती. डीटीपीच्या साच्यात ती असतेच, राहून गेली. पण ती नसती तरी फरक पडला नसता. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखन झालं की हक्क आपोआप लेखकाकडे येतो, नोंदणी लागत नाही, आणि कलम १४ मध्ये अनुवादाचा हक्क वेगळा सांगितला आहे. ‘विनामूल्य’ हा शब्द फक्त किमतीबद्दल बोलतो. अनुवाद करा, बदला, पुन्हा छापा असं तो कुठेच म्हणत नाही.

सुरुवात यादीपासून केली. एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक प्रकरणाला एक ओळ दिली आणि रकाने केले: कोणी लिहिलं, कधी, नोकरीच्या कामात की घरी, मूळ मजकूर कुठला, मुळाचा परवाना कोणता, चित्रं कुठली. दोन-तीन दिवसांचं काम वाटलं होतं, जुलैचा मध्य उजाडला. जुन्या फाइल्सच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नाव पाहावं म्हटलं तर चौदा फाइल्समध्ये एकाच डीटीपी सेंटरच्या मशीनचं नाव. फाइल ज्या मशीनवर पहिल्यांदा तयार झाली तिथल्या प्रोग्राममध्ये भरलेलं नाव बसतं, लिहिणाऱ्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. खरी माहिती मिळाली जुन्या ईमेलमधून आणि कोणाच्या तरी कपाटातल्या पेन ड्राइव्हवरून. तुमचं काम गिटमध्ये, म्हणजे कोणी काय बदललं ते नोंदवणाऱ्या प्रणालीत, असेल तर तिच्या शॉर्टलॉग आज्ञेने नावं लगेच निघतात, पण तिथेही दुसऱ्याचा मजकूर आपल्या नावाने चढवलेला असतोच. यादी माणसांना दाखवून पक्की करावी.

चोवीस प्रकरणांची फोड अशी निघाली: पंधरा पूर्ण आमची, पाच लिबरऑफिसच्या इंग्रजी रायटर गाइडवरून केलेली, दोन लिबरऑफिसमध्येच एफ-वन दाबल्यावर उघडणाऱ्या मदतीवरून उचललेली, दोन गिंप या चित्रं संपादन करायच्या सॉफ्टवेअरच्या हस्तपुस्तिकेवरून. चित्रं १४२.

मग परवाना निवडायचा, तो क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या तयार परवान्यांतून; कोणालाही काय करता येईल ते त्यांत आधीच लिहून दिलेलं असतं. दोन बैठका झाल्या, दोन्हींत मुख्य भांडण एनसीवर, म्हणजे ‘व्यापारी वापर नको’ या अटीवर. बहुतेकांचा पहिला कौल तिलाच होता. आपण फुकट राबलो आणि उद्या कोणी गाइड छापून विकलं तर? त्यावर खानापूरच्या एका सदस्याने विचारलं, शाळेसमोरचा झेरॉक्सवाला पानाला रुपया घेऊन चाळीस प्रती काढून देतो, तो व्यापार की नाही? कोणाला छातीठोक सांगता येईना. उत्तर येत नाही हीच त्या अटीची अडचण आहे. साधा माणूस घाबरून छापणार नाही, आणि ज्याला लुबाडायचं आहे तो तसाही विचारत नाही. शिवाय एनसी लावलेला मजकूर मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत मुक्त मानत नाहीत, त्यामुळे तो त्यांच्या दस्तऐवजांत परत जाऊ शकत नाही. एनडी, म्हणजे ‘बदल नको’, हा पर्याय तर सुरुवातीलाच बाद. परवान्यांच्या भाषेत अनुवाद हाही बदलच असतो, आणि एनडीखाली केलेला अनुवाद स्वतःच्या वहीत ठेवता येतो, वाटता येत नाही. मराठीतल्या अनेक चांगल्या पुस्तिकांवर ‘बाय-एनसी-एनडी’ दिसतं (‘बाय’ म्हणजे ‘नाव द्या’). लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण अनुवादाची दारं आपणच लावून घेतली हे त्याला माहीत नसतं.

सीसी झिरोवर, म्हणजे सगळे हक्क सोडून देण्यावर, दोघे राजी होते. बाकीच्यांना आपलं नाव राहायला हवं होतं, आणि ते रास्तच आहे. नुसता ‘बाय’ घेतला असता तर कोणीही सुधारून बंद आवृत्ती काढू शकला असता. शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन-शेअरअलाइक ४.०, थोडक्यात बाय-एसए, ठरला: नाव द्या, बदल केला तर सांगा, आणि बदललेलं काम याच परवान्याखाली द्या. ही आवृत्ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. आणखी एक सोय म्हणजे ऑक्टोबर २०१५ पासून तिचा मजकूर जीपीएल ३ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालच्या कामात घेता येतो. उद्या आमची प्रकरणं एखाद्या सॉफ्टवेअरच्या आतल्या मदतीत बसवायची झाली तर रस्ता मोकळा आहे. उलट दिशेने, जीपीएलमधून बाय-एसएकडे, तो नाही.

ठरवणं सोपं गेलं. आधीपासून दुसऱ्यांचं जे आत होतं, ते या परवान्यात बसतं का हे पाहायला जास्त डोकं लागलं.

रायटर गाइडचं बसलं. त्या गाइड दोन परवान्यांखाली असतात, जीपीएल ३ किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन, आणि दोन्हींपुढे ‘किंवा नंतरची आवृत्ती’ असं लिहिलेलं असतं. आपण त्यातला ॲट्रिब्यूशन निवडायचा. त्याखालच्या कामाचा अनुवाद बाय-एसएखाली देता येतो. मात्र मूळ लेखकांची नावं, मुळाचा दुवा आणि ‘हा बदल करून केलेला अनुवाद आहे’ ही नोंद हवी. आमच्या छापील प्रतीत यातलं काहीही नव्हतं. म्हणजे सात वर्षं आम्हीच परवाना मोडत होतो. हे बैठकीत मोठ्याने वाचल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मदतीच्या मजकुराचं नाही बसलं. सॉफ्टवेअर एकच, पण गाइडचा परवाना वेगळा आणि आतल्या मदतीचा वेगळा. मदत मोझिला पब्लिक लायसन्स २.० खाली आहे, आणि तिथून बाय-एसएमध्ये जाता येत नाही. मूळ एकच दिसलं म्हणून परवानाही एकच असेल असं धरू नका, प्रत्येक फाइलचा बघा. ती दोन प्रकरणं काढून टाकली आणि सॉफ्टवेअर समोर ठेवून नव्याने लिहिली.

गिंपची हस्तपुस्तिका जीएफडीएलखाली आहे, म्हणजे जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स, आवृत्ती १.२ किंवा नंतरची. हा परवाना खास दस्तऐवजांसाठी २००० साली आला, १.२ नोव्हेंबर २००२ ची, १.३ नोव्हेंबर २००८ ची. अनुवादाला तो मोकळीक देतो, पण त्याच्या अटी फार. लेखकाला काही भाग ‘अपरिवर्तनीय’ ठरवता येतात आणि मुखपृष्ठावर जास्तीत जास्त पाच व मलपृष्ठावर पंचवीस शब्दांचा मजकूर सक्तीचा करता येतो. असे अपरिवर्तनीय भाग असतील तर त्यांचा अनुवाद मुळाच्या जोडीला देता येतो. मूळ काढून त्या जागी अनुवाद ठेवायला हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. सुदैवाने गिंपच्या पुस्तिकेत असा एकही भाग नाही, तसं पहिल्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. जीएफडीएलचं काहीही हाती घेण्याआधी हे वाक्य शोधा. ते असेल तर निम्मी काळजी मिटली.

पण बाय-एसएमध्ये जीएफडीएल मिसळत नाही. १.३ आवृत्तीने विकीसारख्या स्थळांना बाय-एसए ३.० वर जायला मुदत दिली होती, ती १ ऑगस्ट २००९ ला संपली, आणि आमच्यासारख्यांना ती लागूही नव्हती. म्हणून गिंपची दोन्ही प्रकरणं मुख्य मार्गदर्शिकेतून काढून वेगळी पुस्तिका केली. मजकूर बावीस पानांचा. त्याला जीएफडीएलचा पूर्ण इंग्रजी मजकूर जोडावा लागतो, नुसता दुवा चालत नाही, ती आठ पानं वाढली. परवान्याचा मराठी अनुवाद जोडायचा असेल तर जोडता येतो, पण मूळ इंग्रजी सोबत हवाच आणि मतभेद झाला तर तोच प्रमाण. शीर्षक मुळापेक्षा वेगळं ठेवायचं, मूळ मुख्य लेखकांपैकी किमान पाच नावं शीर्षकपानावर द्यायची, आणि ‘हिस्टरी’ नावाच्या भागात आपल्या आवृत्तीचं नाव, साल, बदल करणारे आणि प्रकाशक यांची भर घालायची. शंभराहून जास्त प्रती छापल्या तर संपादन करता येईल अशी फाइलही द्यावी किंवा कुठे मिळेल ते सांगावं लागतं, फक्त पीडीएफ चालत नाही. आम्ही साठच छापल्या. तरी ओडीटी, म्हणजे लिबरऑफिसमध्ये संपादन करता येणारी फाइल दिली, कारण पीडीएफवरून अनुवाद करायला लागणं म्हणजे काय असतं ते आम्ही भोगलेलं आहे.

ऑगस्टपासून संमतिपत्रं गोळा करायला लागलो. एकत्र लिहिलेल्या कामात कोणाचा भाग कोणता हे वेगळं काढता येत नसेल तर सगळ्यांची संमती लागते. बहुमत इथे कामाचं नाही.

पहिल्या फेरीत चार जणांकडून व्हॉट्सॲपवर एकच वाक्य आलं: ‘माझी हरकत नाही, वापरा.’ ते पुरेसं समजून आम्ही पुढे निघालो होतो. बेळगावात एका वकिलांकडे बसलो तेव्हा त्यांनी कायदा उघडून दाखवला. कलम ३० प्रमाणे परवाना लेखी हवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यातला ‘सही केलेला’ हा शब्द गेला आहे, त्यामुळे ईमेलही लेखीच. पण कलम ३०-क मुळे कलम १९ चे नियम परवान्यालाही लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ‘हरकत नाही, वापरा’ याचा अर्थ, वाद झालाच तर, पाच वर्षं आणि भारतापुरतं असा लागू शकतो. आणि नक्की काय वापरा? छापा? बदला? अनुवाद करा? तिसऱ्याला द्या? काहीच लिहिलेलं नाही. परवान्याचं पूर्ण नाव आवृत्तीसकट लिहिलं की हे सगळं सुटतं. बाय-एसए ४.० च्या मजकुरातच ‘जगभर’ आहे, मुदत कॉपीराइट संपेपर्यंतची आहे, आणि तो परत घेता येत नाही हेही आहे.

शेवटी हा मजकूर वापरला. जसाच्या तसा घेतलात तरी चालेल:

‘या मार्गदर्शिकेतील प्रकरण क्रमांक … मधील माझे लेखन व चित्रे मी क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन-शेअरअलाइक ४.० इंटरनॅशनल या परवान्याखाली देत आहे. त्यात अनुवाद, बदल, छपाई आणि विक्री यांची मुभा येते, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हे मी समजून घेतले आहे. हे लेखन माझे स्वतःचे आहे. ते मी नोकरीतील काम म्हणून केलेले नाही. माझे नाव … असे छापावे.’

‘विक्री’ हा शब्द मुद्दाम ठेवला. तो गाळला की सह्या पटापट होतात आणि दोन वर्षांनी कोणी पुस्तक विकलं की फोन येतात. तो वाचून एकाने आठवडाभर विचार केला, मग सही केली. शेवटचं वाक्यही गाळू नका. आमच्यातल्या एकाला आडनाव नको होतं, एकाला वडिलांचं नाव हवं होतं.

बाँड पेपर लागत नाही, नोटरीही नाही. एकाने आधीच नोटरी करून आणली होती, त्याचे तीनशे रुपये फुकट गेले. सात जणांची पत्रं ऑगस्टअखेर हातात होती. उरलेल्या चौघांनी खरा वेळ खाल्ला.

एक जण खाजगी संस्थेच्या शाळेत होते आणि त्यांची तीन प्रकरणं संस्थेच्या सांगण्यावरून, शाळेच्या वेळात लिहिलेली. अशा लेखनाचा पहिला मालक कलम १७ प्रमाणे नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. सरांची सही कितीही मनापासून असली तरी उपयोगाची नव्हती. १९ ऑगस्टला संस्थेकडे अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. कार्यकारिणीची बैठक सप्टेंबरअखेर झाली आणि ठरावाची नक्कल आली: ‘सदर पुस्तिका वापरण्यास परवानगी देण्यात येत आहे.’ पुन्हा तेच. दुसरा अर्ज, दुसरी बैठक, २१ नोव्हेंबरला नीट ठराव. चूक आमची. पहिल्या अर्जाबरोबरच ठरावाचा कच्चा मसुदा, परवान्याच्या पूर्ण नावासकट, जोडायला हवा होता. संस्थेचे कारकून मसुदा हातात दिला तर तोच वहीत उतरवतात. त्यांना स्वतः लिहायला लावलं की ‘वापरण्यास परवानगी’च येणार.

दुसरे सरकारी शाळेतले गुरुजी. त्यांनी सगळं सुट्टीत, घरी बसून लिहिलं होतं, पण सरकारी नोकर म्हटल्यावर त्यांना कागद हवा होता. कार्यालयात मराठी अर्ज दिला तो घेतला नाही, कन्नडमध्ये आणा म्हणाले. कन्नड अर्ज, सोबत गुरुजींचं स्वतःचं निवेदन, आणि सहा आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर: हे वैयक्तिक लेखन असून कार्यालयाचा संबंध नाही. ती एक ओळ सोन्याची. आपल्याकडे अर्ज पहिल्यापासूनच कन्नडमध्ये करा, एक फेरी वाचते.

तिसरे आता हयात नाहीत. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो आणि वारसांकडे जातो, म्हणून काकू आणि दोन्ही मुलगे अशा तिघांच्या सह्या लागल्या. वारस कोण हे दाखवायला वंशावळ लागते. ती नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, त्यांनी इतर कामासाठी आधीच काढली होती, तिची झेरॉक्स पत्राला लावली. काकूंना कागद कशाचा ते समजावून सांगत होतो तर म्हणाल्या, “पोरं वापरूलालीत न्हवं? मग आणि कागद कशाला?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुण्यातल्या मुलाचं पत्र स्पीड पोस्टने आलं.

चौथे सापडलेच नाहीत. जुना नंबर बंद, ईमेल परत आला, गावातलं घर विकलेलं. सापडत नाही याचा अर्थ संमती आहे असा होत नाही. त्यांची दोन प्रकरणं, मेल मर्ज आणि तक्ते, पुन्हा लिहावी लागली. ती लिहायला मुद्दाम अशी व्यक्ती घेतली जिने जुनी प्रकरणं वाचलेली नव्हती. जुनं समोर ठेवून शब्द फिरवले तर ते नवं होत नाही. तिला फक्त विषय, पानांची मर्यादा आणि सॉफ्टवेअर दिलं. तीन आठवडे लागले. नवं मेल मर्ज जुन्यापेक्षा चांगलं झालं, कारण तिने उदाहरण शाळेच्या प्रवेशपत्रांचं घेतलं.

डिसेंबर-जानेवारी फाइल साफ करण्यात गेले. परवान्याने कायद्याची अडचण सुटते, पण फाइलच अनुवाद करण्याजोगी नसेल तर तो परवाना कागदावरच राहतो. आमच्या नऊ प्रकरणांचा मजकूर युनिकोडमध्ये नव्हता, जुन्या डीटीपी फाँटमध्ये होता. तो फाँट नसलेल्या मशीनवर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टरने बहुतेक काम केलं, पण रफार आणि चंद्रकोरी ‘ऱ्य’ तिथे हमखास मार खातात. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ आणि ‘तऱ्हा’चं ‘तर्हा’ झालेलं शेकडो ठिकाणी निघालं. सरसकट शोधून बदलू नका, ‘सूर्या’ आणि ‘आर्या’ही त्यात सापडतात. एकेक बघूनच बदला.

मग चित्रं. जुने स्क्रीनशॉट विंडोजवरचे, मागे कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवसाचा फोटो, आणि बाणांवरचा मराठी मजकूर चित्रातच जळून बसलेला. कन्नड करणाऱ्याने त्याचं काय करायचं? ११८ चित्रं लिनक्सवर साध्या मूळ थीममध्ये नव्याने घेतली. चित्रावर फक्त १, २, ३ असे आकडे ठेवले आणि स्पष्टीकरण खाली ओळीत दिलं. अनुवाद करणाऱ्याला चित्राला हातही लावावा लागत नाही. विकिमीडिया कॉमन्सवरची दोन चित्रं बाय-एसए ३.० ची होती, ती नाव आणि दुव्यासकट ठेवली. फाँट मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी. दोन्ही ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, सोबत वाटता येतात, आणि त्यात छापलेल्या मजकुरावर त्यांची अट येत नाही. लिबरऑफिसच्या चिन्हाला मात्र आमचा परवाना लागू नाही, तशी ओळ घातली. क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० मध्ये ट्रेडमार्कचा हक्क दिला जात नाही.

परवान्याची नोंद तीन जागी केली. मार्गदर्शिकेच्या दुसऱ्या पानावर मराठीत: परवान्याचं नाव, दुवा, लेखकांची नावं, मुळातून काय घेतलं आणि काय बदललं. फाइल्सच्या फोल्डरमध्ये परवान्याचा पूर्ण इंग्रजी मजकूर. आणि प्रत्येक चित्राशेजारी त्याच नावाची, शेवटी ‘डॉट लायसन्स’ असलेली छोटी मजकूर फाइल, कारण चित्रात टिप्पणी लिहिता येत नाही आणि ते एकटं फिरायला लागलं की मालक हरवतो. ही पद्धत ‘रीयूज’ नावाच्या प्रकल्पाची आहे. त्याचं लिंट अवजार चालवलं की कोणती फाइल परवान्याविना राहिली ते सांगतं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा सत्तावीस निघाल्या. प्रकरण १९ मधला चौदा ओळींचा मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, वेगळा काढून जीपीएल ३ खाली दिला. प्रोग्रामच्या कोडला क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने लावू नयेत असं ती संस्था स्वतःच सांगते.

खर्च: वकिलांचा सल्ला १५००, झेरॉक्स आणि स्पीड पोस्ट ४६०, प्रवास ११२०, आणि ते वाया गेलेले नोटरीचे ३००. एकूण ३३८०, गटात वाटून घेतले. प्रवासाचा आकडा याहून मोठा असता, पण निपाणी-चिकोडीच्या बहुतेक फेऱ्या गटातल्या मॅडमनी केल्या, आणि कर्नाटकच्या महिलांसाठीच्या शक्ती योजनेत त्यांना बसचं तिकीट नाही.

२३ फेब्रुवारी २०२५ ला ओडीटी, चित्रं, पीडीएफ आणि परवाना असं सगळं एकत्र खुलं केलं आणि हुक्केरीच्या सरांना दुसऱ्यांदा ‘हो’ कळवलं. त्यांना परवानगीचं पत्र हवं होतं. आता पत्र लागत नाही, दुसरं पान हेच पत्र, हे पटवायला दोन फोन लागले.

ते अनुवादासाठी ओमेगाटी हा अनुवादाला मदत करणारा प्रोग्राम वापरतात. त्यात ओडीटी थेट उघडते आणि अनुवादाची स्मृती टीएमएक्स फाइलमध्ये राहते, पुढच्या आवृत्तीत तेच वाक्य पुन्हा करावं लागत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला: एका वाक्यात अकरा टॅग, म्हणजे फॉरमॅटिंगच्या खुणा. आमच्या फाइलमध्ये शब्दाशब्दाला हाताने फाँट लावलेले होते, तो प्रत्येक तुकडा टॅग होऊन येतो. सगळं निवडून कंट्रोल-एमने थेट फॉरमॅटिंग काढलं, शैली पुन्हा लावल्या आणि फाइल परत पाठवली, मग वाक्यं वाक्यांसारखी दिसू लागली. हे प्रसिद्ध करण्याआधी करायला हवं होतं. त्यांच्याही बाजूला एक अडचण निघाली. मदतीला घेतलेल्या एकाने दोन प्रकरणं नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून दिली होती. तेव्हा आमचा ‘ऱ्य’चा अनुभव त्यांच्या अर्कावत्तूला, म्हणजे कन्नडच्या रफाराला, उपयोगी पडला.

एप्रिलमध्ये त्यांचा मेसेज आला की प्रकरण ३ मध्ये चूक आहे. भाषा निवडण्याच्या खिडकीचं जे चित्र आम्ही दिलं होतं, त्यात ‘फक्त चालू दस्तऐवजासाठी’ या चौकोनात खूण होती. मुलं चित्र बघून तशीच खूण करतात, आणि नवी फाइल उघडली की मराठी जाऊन पुन्हा जुनी भाषा येते, सगळ्या शब्दांखाली लाल रेघा. २०१७ पासून खानापूरच्या लॅबमध्ये दर वर्षी हीच तक्रार यायची आणि आम्ही स्पेलचेकला दोष द्यायचो. त्यांनी खूण काढून घेतलेलं चित्र पाठवलं, सोबत डॉट लायसन्स फाइल त्यांच्या नावाची. ते आता मराठीच्या पान २१ वर आहे, आणि दुसऱ्या पानावरच्या यादीत बारावं नाव त्यांचं, कन्नड लिपीत नको, देवनागरीतच छापा म्हणाले.